भाऊसाहेब उसळेनात

मेलबर्नमध्ये कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, पानात पहिली पोळी पडायच्या आत प्रश्न येतो, "मग, तू कशात आहेस?" 'कशात' म्हणजे जावा, क्लाउड, टेस्टिंग, गेला बाजार नर्सिंग. मी म्हणते, "बैलात." मग एखादे सज्जन काका विचारतात, "म्हणजे डेअरी का?" मी म्हणते, "नाही हो काका, आमचे दूध देत नाहीत. माणसं फेकतात."

त्यानंतर त्या घरात क्रिकेट नाही, इंटरेस्ट रेट नाही, मुलांचे सिलेक्टिव्ह स्कूलचे मार्क नाहीत. सगळं जेवण माझ्या बैलांवर. या एका वाक्यावर मी ट्रुगानिनापासून क्लेटनपर्यंत इतकी आमंत्रणं जेवले आहे की दिवाळी अंकासाठी "काहीतरी लिही ना गं" असा फोन आला तेव्हा समोरची बाई वाक्य पुरं करायच्या आत मी हो म्हटलं.

तर आधी धंदा समजून घ्या. रोडिओ म्हणजे इथली जत्राच. धूळ, बिअर, सॉसेज, मोठाल्या टोप्या आणि मधोमध रिंगण. रिंगणाच्या कडेला लोखंडी खोकी असतात, बैल जेमतेम मावेल एवढी. त्याला शूट म्हणतात. शूटमध्ये बैल उभा, बैलावर एक पोरगा, पोराने एका हातात दोरी धरलेली. दार उघडलं की बैल उसळत बाहेर येतो आणि पोराने आठ सेकंद वर टिकायचं. दुसरा हात बैलाला लागला की बाद. मार्क शंभरापैकी, पण गंमत अशी की अर्धे पोराचे आणि अर्धे बैलाचे! बैल नुसता उभा राहिला तर पोरगा संध्याकाळपर्यंत वर बसून राहील, मार्क काही मिळणार नाहीत. म्हणून हे पोरगे देवाकडे सगळ्यात वाईट बैल मागतात. आणि असे वाईट बैल जन्माला घालणारा, वाढवणारा, ट्रकमध्ये भरून नेणारा नि धड परत आणणारा माणूस म्हणजे स्टॉक काँट्रॅक्टर. म्हणजे अस्मादिक.

खरं तर हे बैल नव्हेत, वळू. पण आईसमोर वळू म्हटलं की तिला चार माणसांत संकोच वाटतो, म्हणून आमच्याकडे सगळे बैलच.

दुसरा हमखास प्रश्न, "त्यांना तिथे काहीतरी बांधतात ना, म्हणून उड्या मारतात?" 'तिथे' म्हणताना काका जरा कळवळतात. नाही हो, तिथे काही बांधत नाहीत! मागच्या पायांच्या पुढे, कमरेभोवती एक मऊ सुती दोर असतो, बस्स. तुम्हाला वाटतंय तिथे बांधलं तर बैल उसळणार नाही, मटकन खाली बसेल. उसळणं रक्तातच लागतं. आई-बापाकडून येतं, जसा काही घरांत गळा येतो आणि काही घरांत नुसताच आवाज. ज्यांना हा खेळच पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. गुरांवर माया असते म्हणूनच ते भांडायला येतात.

आणि एक गोष्ट. पोरगा जी दोरी धरतो ती बैलाच्या छातीभोवती फिरवलेली असते आणि तिला खाली एक जड घंटा लटकवलेली असते. पोराने हात सोडला की घंटेच्या वजनाने दोरी आपोआप निसटून पडते. बैल उसळतो तेव्हा ती ठण्ण ठण्ण वाजत राहते. ही घंटा लक्षात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

गिऱ्हाइकं एकेक भेटतात. ब्लॅकटाउनहून एकदा एका नवरदेवाच्या मोठ्या भावाचा फोन. "दीदी, घोडी तो सबकी होती है, हमें बुल चाहिए." म्हटलं, भैया, दूल्हा आठ सेकंदात मंडपात पोचेल, पण कुठल्या बाजूने पोचेल ते मी सांगू शकत नाही. तो म्हणे, "थोड़ा शांत वाला नहीं है?" शांतवाला! अरे, शांतवाला असता तर मी तुला भेटले असते का? शेवटी त्यांनी घोडीच आणली म्हणे.

मी या धंद्यात आले ती पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, पॉइंटांपायी. क्लेटनला अकाउंटिंगचं मास्टर्स केलं, शहरात नोकरी मिळेना, आणि गावाकडे काम केलं तर जास्तीचे पॉइंट मिळायचे. गिप्सलँडच्या बाजूला एका म्हाताऱ्याला ऑफिसला मदतनीस हवी होती. जाहिरातीत एकच अट, गुरांना भिणारी नको. म्हातारा म्हणजे केन. इंटरव्ह्यूला त्याने माझे मार्क पाहिले नाहीत, माझे पांढरे शुभ्र स्नीकर पाहिले आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. मी ठोकून दिलं, "माझ्या आजोळी बैल होते." होते खरे, पण मी ते वर्षातून एकदा, पोळ्याला, आजोबांच्या मागे लपून पाहिलेले. केन म्हणाला, "राइटो." ही त्याची संमती, हाच आनंद आणि हीच शोकसभा. ऑफिस राहिलं बाजूला, दोन वर्षांत मी ट्रक चालवायला लागले, पाच वर्षांत केनची पार्टनर झाले.

केनचे नियम दोन. पहिला, बैलाला हाताने काही खाऊ घालायचं नाही. "हाताने खाल्लेला बैल माणसाला मित्र समजतो, आणि मित्राला कोण फेकतं?" दुसरा, जो बैल लागोपाठ दोन रोडिओत नुसता उभा राहील तो पुढच्या सोमवारी ट्रकवर. ट्रक कुठे जायचा ते आम्ही मोठ्याने बोलत नसू. खाटीकखान्यात जायचा. केन क्रूर नव्हता. आठ सेकंद काम करून बैल वर्षभर लुसर्न घास खातो, म्हातारा झाला की मरेपर्यंत मागच्या कुरणात आरामात राहतो. ही पेन्शन कमावलेल्यालाच, नाहीतर सगळाच डोलारा कोसळेल, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. 'संडे' नावाचा एक गोड, आळशी बैल मी स्वतः गेट उघडून चढवला होता. त्याने वर चढताना मागे वळून पाहिलं होतं. जाऊ दे.

आणि मग भाऊसाहेब. हा माझ्या हाताखाली जन्मलेला पहिला बछडा. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, आणि जन्मल्याबरोबर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चहा आणायला मीच उशीर केला होता. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन अस्सेच बघायचे. भाऊसाहेब हे नाव तिथेच पडलं. माइकवरचा माणूस त्याला 'बाऊ-सायेब' म्हणायचा आणि पब्लिक वेडं व्हायचं. तीन सीझन! तीन सीझनमध्ये मोजून दोन पोरगे त्याच्यावर आठ सेकंद टिकले. काय उसळायचा हो! आधी पुढून हवेत, मग मागून, मग हवेतच कंबर मोडून गिरकी. अंगात वारं शिरल्यासारखा. आमच्या पुढच्या सगळ्या पिढीचा बाप तोच होणार होता. लोक त्याची वासरं जन्मायच्या आधीच मागून ठेवत होते.

अशात माझी आई आली. व्हिजिटर व्हिसावर, वरवर मुलीला भेटायला आणि आतून मुलीचं लग्न जमवायला. आईचं माहेर वाशिमकडचं. लग्नानंतर चाळीस वर्षं पुण्यात काढली तरी पोळा म्हटलं की ती पुन्हा नऊ वर्षांची होते. येताना तिने बॅगेत बैलासाठी आजोळची खरीखुरी घुंगुरमाळ आणली होती, चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली. आईने विमानात भरायच्या कार्डवर प्रामाणिकपणे 'जनावराची वस्तू' असं लिहिलं, आणि एअरपोर्टवरच्या साहेबाने हातमोजे घालून ती माळ उचलून घेतली. चामडं, त्यावर गुरांचा घाम, चालणारच नव्हतं. आई मला भेटली ती घळाघळा रडत. मला वाटलं, माझ्या आठवणीने. कसलं काय! माळेसाठी.

पोळा इकडे हिवाळा संपता संपता येतो. सीझन सुरू व्हायचा असतो, बैल रिकामे. आईने जाहीर केलं, "घरात बैल आहेत आणि पोळा नाही, हे मला चालायचं नाही." मी केनला घाबरत घाबरत विचारलं. म्हटलं, आमच्याकडे वर्षातून एक दिवस बैलाला कामाला लावत नाहीत, न्हाऊ घालतात, पाया पडतात, गोडाचं जेवायला घालतात. केन विचार करून म्हणाला, "माझे बैल तर वर्षभर कामाला नसतात. तरी पाया पडायचं?" आणि मग, "राइटो. पण एकच दिवस."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आईने वाटीत तूप-हळद घेतली आणि कुंपणाच्या दांड्यांमधून हात घालून भाऊसाहेबांचा खांदा चोळला. भाऊसाहेब चक्क उभे राहिले! ज्या जनावराजवळ मी दोन गेटं मध्ये ठेवून जात असे ते डोळे अर्धे मिटून उभं! आई त्याच्या कानाशी म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." तिच्या माहेरी बैलाला असं रीतसर आमंत्रण देतात. केन लांबून बघत होता. "काय सांगते ती?" "जेवायला बोलावतेय." "कोणाला?" "बैलाला." केनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

दुसऱ्या दिवशी ट्रुगानिनाहून सहा गाड्या आल्या. माझी मैत्रीण सुप्रिया, तिची लेक अनन्या, मंडळातली बाकी जनता, पैठण्या, गॉगल आणि पुरणपोळीचे डबे. शेणात हील्स रुतत होत्या, सेल्फी निघत होते, एक आजोबा कुंपणापलीकडून आमच्या सगळ्यात खुनशी बैलाला "अरे बाळा" म्हणत होते. अनन्या केनला इंग्रजीत समजावत होती, "इट्स लाइक बुल क्रिसमस." आता पूजेला घुंगरू तरी हवेतच ना? आई शेडमध्ये गेली. खिळ्यावर जुन्या दोरीची एक घंटा लटकत होती. ठण्ण वाजली. आईला वाटलं, ही छानच! तीच घंटा वाजवत तिने भाऊसाहेबांना बोलावलं आणि पुरणपोळी भरवली.

इथवर ठीक. पण सत्तरेक पोळ्या उरल्या, त्या डीप फ्रीझरमध्ये गेल्या. पुढच्या दोन महिन्यांत मी रोज आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, ट्रक घेऊन बाहेर, केन खोंडांच्या मागे, आणि आई एकटी. तिला ना इंग्रजी येत होतं ना गाडी. बोलायला कोण, तर भाऊसाहेब. रोज पोळी मायक्रोवेव्हला लावायची, वर तूप सोडायचं, कुंपणाशी जायचं, घंटा वाजवायची, भाऊसाहेब धावत यायचे. मग माझी स्थळं, नणंदेच्या कागाळ्या, गुडघे, सगळं त्याला सांगून झालं की पोळी. आम्हाला दोघांना पत्ताही नाही!

आणि आला सीझनचा पहिला रोडिओ. भाऊसाहेब शेवटचे, म्हणजे मानाचे. पोरगा बसला, दोरी आवळली, मान हलवली. दार उघडलं. खाली घंटा वाजली, ठण्ण. आणि भाऊसाहेब... थबकले. कान टवकारले. जीभ बाहेर काढली, एकदा नाक चाटलं, आणि दोन्ही बाजूंना बघत रमत-गमत रिंगणात फिरायला लागले. अगदी लग्नाच्या पंगतीत आपलं पान शोधणाऱ्या पाहुण्यासारखे! वरच्या पोराला कळेना, उतरावं की बसावं. माइकवाला म्हणाला, "लेडीज अँड जंटलमेन, बाऊ-सायेब आज फिरायला आलेत." सगळं पब्लिक खो खो हसलं. मी शूटवर उभी होते, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. केन शूटवरून उतरून चालू लागला. राइटोसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये तो एवढंच म्हणाला, "एक झालं." म्हणजे अजून एकदा उभा राहिला की ट्रक. मी म्हटलं, केन, हा भाऊसाहेब आहे. तो म्हणाला, "संडे पण कोणीतरी होता." नियम मीही मानला होता, दुसऱ्याच्या बाबतीत.

घरी आईला सांगितलं. इतके दिवस तो ट्रक कुठे जातो हे तिला माहीत नव्हतं. ती ताडकन उठली. "ज्याच्या पाया पडलो, ज्याला आवतण देऊन जेवू घातलं, त्याला खाटकाकडे पाठवणार? तुझ्या आजोबांनी म्हातारे बैल उशाशी ठेवले गं! तुला काही लाज?" मी म्हटलं, आई, तो उसळतच नाहीये, घंटा वाजली की जीभ काढून उभा राहतो. आई बोलता बोलता थांबली. "कुठली घंटा?" "दोरीची. तुझ्या त्या शेडमधल्या घंटेसारखी." आईने पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "वैशू, फ्रीझरमध्ये अजून अकरा पोळ्या आहेत."

अस्सं! मला आधी राग आला, मग इतकं हसू आलं की मी जमिनीवर बसले. जगात दुसरं कोणी ही चूक करूच शकलं नसतं. त्यासाठी वाशिमचं माहेर, गिप्सलँडचं कुरण आणि एअरपोर्टवरचा तो हातमोजेवाला साहेब, तिघेही एकदमच लागतात.

केनला सांगायला आई स्वतः गेली. मी नुसती भाषांतराला. ती म्हणाली, "केनभाऊ, चूक माझी. बैलाची नाही." केन तिला आई म्हणायचा, कारण त्याला वाटायचं तिचं नावच ते. तो म्हणाला, "आई, नियम कोणाच्या चुकीने मोडला ते बैल बघत नाही, आणि पब्लिकही बघत नाही. उभा राहिलेल्या बैलाची वासरं कोण घेणार? पुढचा रोडिओ तीन आठवड्यांनी. तेवढा वेळ आहे." मग जाता जाता थांबून विचारलं, "खायला काय घालत होतीस?" आईने त्याच्या हातात अर्धी पोळी ठेवली. केनने ती खाल्ली, बराच वेळ चावली, आणि म्हणाला, "तो उभा राहिला त्याला मी दोष देत नाही."

आता काय करायचं? दोरी आणि घंटा ज्या त्या पोराची असते, ती बदलता येत नाही. उपाय आईनेच काढला. "अगं, माहेरी कामाच्या दिवशी गळ्यात घंटा आणि सणाला घुंगरू. बैलाला दोन्ही आवाज वेगळे कळतात. इथे मी दोन्हीला एकच आवाज दिला, बिचारा काय करेल? त्याला सणाचा आवाज वेगळा करून द्यायला हवा." म्हणजे घंटा वाजली तर काही मिळणार नाही, घुंगरू वाजले तरच पोळी. पण घुंगरू आणायचे कुठून? सुप्रियाला फोन केला. अनन्या भरतनाट्यम शिकते. मागून तिचा आवाज आला, "मम्मा, नो! दॅट्स माय अरंगेत्रम सेट!" मग तिला कारण सांगितलं. "इज ही गोइंग टू डाय?" आणि त्याच संध्याकाळी सुप्रिया तीन तास गाडी हाकत घुंगरू घेऊन हजर.

ते तीन आठवडे आईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. सकाळी मी शेडजवळ घंटा वाजवायची. भाऊसाहेब धावत यायचे, जीभ काढून उभे. आणि आईने खिडकीआड बसून राहायचं, पोळी द्यायची नाही. "उपाशी नाहीये गं आई तो, ढीगभर घास खाल्लाय त्याने!" "घास वेगळा आणि पोळी वेगळी!" पहिल्या आठवड्यात भाऊसाहेब अर्धा अर्धा तास कुंपणाशी उभे राहायचे, आणि आई आत रडत पुरण वाटायची. आर्व्हो झाली की ती घुंगरू वाजवायची, मग पोळी. दुसऱ्या आठवड्यात घंटा ऐकून भाऊसाहेब यायचे, पण वैतागून. मान झटकायचे. तिसऱ्यात घंटा वाजली की वळून बघायचे, चेअरमनसारखे, आणि पाठ फिरवायचे. हे चांगलं लक्षण की वाईट, मलाही सांगता येईना. घंटेला येत नाही ते ठीक, पण उसळेल का? ते रिंगणातच कळणार होतं. केन म्हणाला, तालीम नको, त्याचं त्याला ठरवू दे.

रोडिओच्या दिवशी आई हिरवी पैठणी नेसून, वर माझं फ्लीसचं जॅकेट घालून पहिल्या रांगेत बसली. मांडीवर डबा, पर्समध्ये घुंगरू. बाजूला सुप्रिया आणि अनन्या. ट्रकमधून उतरवायच्या आधी आई भाऊसाहेबांच्या कानाशी गेली होती. काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, आज काम आहे, जेवण नंतर. आणि म्हटलं, बाबा रे, माझी लाज राख."

केन शूटवर माझ्या शेजारी. पोरगा बसला. मान हलवली. दार उघडलं. ठण्ण.

भाऊसाहेब थबकले. केनने टोपी काढून छातीशी धरली. भाऊसाहेबांनी मान वळवली, घंटा पुन्हा वाजली, आणि तीन आठवड्यांचा सगळा राग, सगळ्या न मिळालेल्या पोळ्या, सगळ्या फसवणुका त्या जनावराच्या अंगात एकदम आल्या. अहो, काय उसळला! चारही पाय हवेत! पोट आभाळाकडे! एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि पोरगा एका बाजूला, टोपी दुसऱ्या बाजूला, बूट तिसरीकडेच. मी ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे, बहुतेक "हाण्ण भाऊसाहेब!" पब्लिक उभं राहिलं. आई तर बाकावर चढली. पैठणी नेसलेली बासष्ट वर्षांची बाई बाकावर चढून शिट्टी मारते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी पण रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पुढची पंचाईत वेगळीच. दोरी पडली, घंटा पडली, पण भाऊसाहेबांचा राग काही उतरेना. रिंगणाबाहेर जाईनात. दोन घोडेस्वार मागे लागले, त्यांनाच त्याने पळवलं. माइकवाला विनोद करून थकला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, छुन छुन छुन. भाऊसाहेबांनी कान टवकारले. वादळ आपोआप ओसरलं. ते कुंपणाच्या कडेकडेने दुडक्या चालीने निघाले, बाहेर जायच्या गेटपाशी आई पोचली होती, हात उंच करून घुंगरू वाजवत. सगळं रिंगण चिडीचूप. आत गेले, गेट लागलं, आईने डबा उघडला. आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो पोरासाठी नव्हता, बैलासाठीही नव्हता. माइकवाला म्हणाला, "गिव्ह इट अप फॉर आई!" त्याला काय माहीत, तिथे उभ्या असलेल्या सगळ्या मराठी लोकांच्या डोळ्यांत पाणी का आलं.

त्यानंतर प्रत्येक रोडिओच्या कमिटीचा फोन यायचा, "बाऊ-सायेब येतोय ना? आणि ती बेलवाली लेडी?" व्हिसा संपेपर्यंत आई आली. माझं लग्न काही जमलं नाही, पण निघताना तिने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. अनन्याने घुंगरू परत घेतले नाहीत, ते आमच्या शेडमध्ये त्याच खिळ्यावर आहेत. अरंगेत्रमला नवे घेतले, आणि स्टेजवरून खाली आल्यावर पहिलं विचारलं, "हाऊ इज ही?"

आता भाऊसाहेब मागच्या कुरणात पेन्शनवर आहेत. नाकाभोवती पांढरं झालंय, पण नजर तीच. त्यांचे नातू माणसं फेकतात आणि नाव राखतात. केनचे गुडघे गेले, तो ऑफिसात कमी आणि कुंपणाशी जास्त असतो. मागच्या खेपेला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मी ट्रकच्या टायरशी झगडत होते. मला उशीर झाला, तूप-हळदीची वाटी घेऊन धावत कुरणाकडे गेले, तर केन आधीच तिथे. टोपी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवलेली. खांबावर फोन टेकवलेला, त्यात पुण्याहून आई. केनचा हात कोपरापर्यंत पिवळा आणि भाऊसाहेबांचे डोळे अर्धे मिटलेले. फोनमधून आई एकेक शब्द सांगत होती आणि केन अडखळत, जीभ वळवत त्या मोठ्या काळ्या कानात म्हणत होता, "आज आवतण घ्या. उद्या जेवायला या."

मी मागे उभी राहिले. संपल्यावर मुद्दामच विचारलं, "केन, हाताने खाऊ घालायचं नाही हा नियम कोणाचा होता रे?"

त्याने मागे वळून पाहिलंही नाही. भाऊसाहेबांचा खांदा चोळत म्हणाला, "आमंत्रण दिलंय आता त्याला. मग जेवायला नको घालायला?"